१४ वर्षांखालील मुलींना आक्रमणाच्या रचलेल्या चाली किती आणि कशा शिकवाव्यात?

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा):

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका असून गेली चार वर्षे १४ वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते आहे. संघात बारा मुली आहेत आणि त्यांपैकी सात जणींनी गेल्या वर्षीपर्यंत बास्केटबॉलला हातही लावलेला नव्हता. सराव सकाळी साडेसहा ते पावणेआठ असा सव्वा तास, आठवड्यातून पाच दिवस असतो. मैदान सिमेंटचे आणि उघड्यावरचे असल्यामुळे पावसाळ्यात त्यांतले दोन-तीन दिवस हमखास बुडतात, आणि पाऊस उघडला तरी एंड लाइनजवळ (रिंगमागच्या सीमारेषेजवळ) शेवाळ धरलेले असते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला आता साधारण दहा आठवडे उरले आहेत.

गेल्या वर्षी मी मुलींना पाच चाली शिकवल्या होत्या. मोठ्या संघांचे व्हिडिओ पाहून मी वहीत आकृत्या काढल्या, प्रत्येकीला त्यांच्या झेरॉक्स प्रती दिल्या आणि चालींना एक ते पाच असे क्रमांक दिले. समोर बचाव नसताना मुली त्या पाचही चाली न अडखळता करत असत, त्यामुळे माझी खात्री झाली होती की तयारी पूर्ण आहे. सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या पॉइंट गार्डने (चेंडू पुढे आणून चाल सुरू करणाऱ्या मुलीने) तीन बोटे वर केली. डाव्या विंगवरच्या (मैदानाच्या डाव्या बाजूच्या) मुलीला दोनच बोटे दिसली. पोस्टवरची (रिंगजवळची) मुलगी स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूची वाट अंगाने अडवायला, गेली, तेव्हा जिच्यासाठी स्क्रीन लावायची ती आधीच कट घेऊन (मोकळ्या जागेकडे धाव घेऊन) निघून गेली होती. त्यानंतर पाचही जणी जागच्या जागी थांबल्या आणि एकाच वेळी बाकाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहू लागल्या. तेवढ्यात समोरच्या मुलीने आमच्या गार्डच्या हातातला चेंडू काढून नेला आणि ले-अप केला (धावत रिंगजवळ जाऊन चेंडू टाकला). घरी येऊन सामना आठवून लिहून काढला, तेव्हा ध्यानात आले की आमचे बहुतेक गुण चाल मोडल्यानंतरच्या धावपळीतून आले होते आणि चालीतून फक्त चार गुण मिळाले होते.

या वयाच्या मुलींना नेमक्या किती चाली द्याव्यात, त्यांच्याआधी कोणती कौशल्ये पक्की असायला हवीत, आणि सराव बुडतो त्या दिवसांचा उपयोग कसा करावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

जुना_गार्ड_विश्रामबाग (सांगली):

मॅडम, नमस्कार. मी सांगलीत तीस वर्षांहून अधिक काळ, आधी खेळाडू म्हणून आणि नंतर मुलामुलींना शिकवणारा म्हणून, या खेळात आहे. पाच चाली जास्त झाल्या हे खरेच आहे, परंतु आपण तीनच शिकवल्या असत्या तरी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मुलींना प्रत्येक चालीची वाट पाठ होती; त्या वाटेने का जायचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे आकृतीतला पहिलाच बाण चुकल्यावर पुढचे चारही बाण निरुपयोगी ठरले.

आकृतीत पाच खेळाडूंचे पाच बाण असतात, पण चांगल्या चालीत खरा घाव एकाच ठिकाणी घातलेला असतो. दोन, फार तर तीन खेळाडू मिळून असा एक क्षण तयार करतात की समोरच्या एका बचावपटूला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात आणि तिला त्यांतले एकच जमते. उरलेल्या दोघी-तिघींनी आपापल्या बचावपटूंना त्या जागेपासून दूर अडकवून ठेवायचे असते. मुलीला हे कळले, तर चाल मधेच तुटली तरी तिला पुढे काय करायचे ते सुचते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की कोणतीही चाल शिकवण्यापूर्वी तिच्यातला हा क्षण वेगळा काढावा, तो दोघींना दोघींविरुद्ध खेळायला द्यावा, आणि तिथे तो दहापैकी सहा वेळा जमू लागल्यानंतरच बाकीच्या तिघींना आत घ्यावे.

व्हिडिओंबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांनी आपल्यासारख्या अनेक कष्टाळू शिक्षकांची दिशाभूल केलेली मी पाहिली आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २००१-०२ च्या हंगामापासून बचावपटूला, तो कोणालाही जवळून राखत नसेल, तर डीमध्ये (रिंगसमोर आखलेल्या चौकटीत) तीन सेकंदांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो आणि त्यांत बचावावर असे बंधन नाही. तीन सेकंदांचा नियम फक्त आक्रमकांना लागू आहे. शिवाय तिथे ७.२४ मीटरवरच्या थ्री पॉइंट रेषेबाहेर (जिथून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात) उभा असलेला नेमबाज नुसत्या उभे राहण्यानेच आपल्या बचावपटूला बाहेर खेचून धरतो. आपली थ्री पॉइंट रेषा ६.७५ मीटरवर आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीचा चेंडू तिथून रिंगपर्यंत नीट पोचत नाही, ही गोष्ट समोरच्या संघाला पहिल्या दोन मिनिटांत कळते. मग तिची बचावपटू तिला सोडून डीमध्ये येऊन उभी राहते, आणि ज्या मोकळ्या जागेच्या भरवशावर ती चाल बेतलेली असते ती जागाच शिल्लक राहत नाही. तेव्हा चाल निवडताना आपल्या मुली कुठून आणि काय करू शकतात हे आधी पाहावे. या वयात बहुतेकींना रिंगच्या दोन्ही बाजूंनी ले-अप आणि तीन-चार मीटरवरून बोर्डवर चेंडू घालणे एवढे जमते, म्हणून चालीचा शेवटही तिथेच व्हायला हवा.

आता स्क्रीनकडे वळतो. स्क्रीन लावणारीचे पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले आणि हात छातीवर आडवे धरलेले असावेत. धडक होईपर्यंत तिने अजिबात हलता कामा नये. हलली तर फाउल तिचाच. बचावपटू उभी असेल आणि स्क्रीन तिच्या नजरेच्या टप्प्यात लावली, तर तिला स्पर्श न करता अगदी जवळ उभे राहिले तरी चालते. स्क्रीन तिच्या पाठीमागून, तिला न दिसेल अशी लावली, तर मात्र तिला एक साधे पाऊल टाकण्याइतकी जागा ठेवावीच लागते. आपल्याकडील मुलींचे बहुतेक फाउल याच ठिकाणी होतात. स्क्रीनचा फायदा घेणारीने स्क्रीन लावणारीच्या खांद्याला खांदा घासून जायला हवे. दोघींच्या मधून बचावपटू सरकू शकेल एवढे अंतर राहिले, तर स्क्रीन लावल्याचा काहीही उपयोग होत नाही. यानंतर बचावपटूकडे पाहायला शिकवावे. ती मागून पाठलाग करत असेल तर स्क्रीनला वळसा घालून रिंगकडे जावे, आणि ती स्क्रीनच्या पलीकडून आडवाटेने पुढे येत असेल तर मागे सरून मोकळ्या जागेत पास घ्यावा. स्क्रीन लावणारीने चेंडूकडे तोंड करून वळायला विसरू नये, कारण दोन्ही बचावपटू कट घेणारीच्या मागे गेलेल्या असतात आणि अनेकदा तीच सर्वांत मोकळी असते.

मी सुरुवात नेहमी एकाच चालीने करतो. पॉइंट गार्ड वर मध्यभागी, दोघी दोन्ही विंगवर, उंचीची एक मुलगी फ्री थ्रो रेषेच्या (डीच्या वरच्या कडेच्या) उजव्या टोकाला, आणि पाचवी डाव्या बाजूला रिंगपासून थोडी दूर. गार्ड उजव्या विंगला पास देते, दोन पावले डावीकडे जाऊन आपल्या बचावपटूला फसवते आणि मग फ्री थ्रो रेषेवरच्या मुलीच्या खांद्याला घासून थेट रिंगकडे धावते. पास मिळाला तर ले-अप. मिळाला नाही, तर फ्री थ्रो रेषेवरची मुलगी बाहेर येऊन चेंडू घेते आणि तो दुसऱ्या बाजूला फिरवते, आणि तिथे विंगवरची आणि पाचवी या दोघींमध्ये हाच खेळ पुन्हा सुरू होतो. एवढ्या चालीवर मी तीन आठवडे घालवतो. दुसरी चालही याच सुरुवातीच्या रचनेतून सुरू व्हावी, म्हणजे मुलींना वेगवेगळ्या सुरुवाती लक्षात ठेवाव्या लागत नाहीत आणि समोरच्या संघाला आधी काही कळत नाही. मॅन टू मॅनसाठी (प्रत्येक बचावपटूने एकेकीला राखण्याच्या बचावासाठी) दोन, झोनसाठी (प्रत्येकीने एकेक जागा राखण्याच्या बचावासाठी) एक आणि एंड लाइनवरून आत टाकण्याची एक, अशा एकूण चार चाली पुरेत. बचावाविना पाच जणींनी चाल करण्याला दिवसाकाठी पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. आपण लिहिले आहे त्याप्रमाणे खोटी खात्री तिथूनच निर्माण होते.

मिरजेची_माजी_खेळाडू:

सरांनी लिहिलेल्या स्क्रीनच्या भागाला मी खेळाडूच्या बाजूने थोडी जोड देते. मी मिरजेत शाळेपासून महाविद्यालयापर्यंत खेळले. शाळेत असताना माझी सर्वांत मोठी चूक हीच होती की मी स्क्रीनची वाट न पाहता निघायचे. मला सगळे "थांब" म्हणून ओरडत, पण किती थांबायचे ते कोणी सांगत नसे. आमच्या मॅडमनी त्यावर जो उपाय केला तो मी आजही लहान मुलींना शिकवताना वापरते. आमच्यापैकी बऱ्याच जणी खो-खो खेळत होत्या, आणि खो मिळाल्याशिवाय उठले तर फाउल होतो हे आमच्या अंगात भिनलेले होते. मॅडमनी सांगितले की स्क्रीन लावणारीने दोन्ही पाय रोवल्यावर "खो" म्हणायचे आणि तो शब्द ऐकल्यावरच कट घेणारीने हलायचे. दोन दिवसांत आमचे सगळे कट वेळेवर होऊ लागले. महिन्याभराने त्यांनी आवाज बंद करायला लावला, आणि मग आम्ही पायांकडे पाहून निघायला शिकलो. सातारा-सांगलीकडच्या मुलींना खो-खो आणि कबड्डीची समज घरचीच असते, त्यामुळे नवी गोष्ट त्या समजेला बांधली की ती टिकते.

दुसरी गोष्ट पुकाराची. सामन्यात मला स्वतःच्या श्वासापलीकडे फारसे काही ऐकू येत नसे, मग कोणाची बोटे मोजणे तर दूरच. त्यामुळे दोन चालींमधला फरक पुकाराने ठरवण्याऐवजी पहिल्या पासने ठरवावा. गार्डने उजव्या विंगला पास दिला तर पहिली चाल, आणि फ्री थ्रो रेषेवरच्या मुलीला पास दिला तर दुसरी. सगळ्या जणी चेंडूकडे पाहतच असतात, त्यामुळे वेगळ्या खुणेची गरज उरत नाही आणि एखादीचा गैरसमज होण्याची शक्यताही राहत नाही.

पाऊस असेल तेव्हा आम्ही वर्गातली बाके भिंतीला लावून खडूने फरशीवर अर्धे मैदान आखत असू. जागा अगदी लहान असल्यामुळे फक्त चालतच चाल करावी लागे, पण प्रत्येकीने आपले पाऊल टाकण्याआधी त्याचे कारण मोठ्याने सांगायचे असा नियम होता: "मी इकडे जाते, कारण माझ्या बचावपटूने रिंगसमोरून निघावे." ज्या मुलीला कारण सांगता येत नसे तिची जागा बाकावरची मुलगी घेई. यामुळे बाराही जणींना पाचही जागा आपोआप येऊ लागल्या. एखादी मुलगी पाच फाउल होऊन बाहेर बसली किंवा तिचा पाय मुरगळला, तरी चाल अडत नसे.

कऱ्हाडचा_पालक_प्रशिक्षक:

मला थोडे वेगळे मत नोंदवायचे आहे. वरील दोघांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तरीही १४ वर्षांखालील गटाला मॅन टू मॅनसाठी रचलेली चाल अजिबात देऊ नये, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. चाल दिली की जागा ठरतात आणि जागा ठरल्या की मुली त्या जागांना चिकटतात. तेराव्या वर्षी जी मुलगी सर्वांत उंच असते तिला आपण रिंगखाली उभी करतो, ती ड्रिबल करायला (चेंडू टप्पे देत न्यायला) शिकतच नाही, आणि दोन वर्षांनी बाकीच्या मुली तिच्याएवढ्या झाल्या की तिच्यापाशी ना उंचीचा फायदा उरतो ना चेंडू हाताळण्याचे कौशल्य. मी माझ्या मुलीच्या बाबतीत हे पाहिले आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण तिला तिथे उभी करणारा मीच होतो.

त्याऐवजी मी आता पाचही जणींना डीबाहेर उभे करून मोजकेच नियम देतो. पास दिला की उभे राहायचे नाही, रिंगकडे कट घ्यायचा. कट घेणारीची जागा शेजारच्या मुलीने भरायची. आणि आपल्या बचावपटूने चेंडूकडे पाहण्यासाठी मान वळवली की तिच्या पाठीमागून निसटायचे. यात लक्षात ठेवायचे फारसे काही नसते, आणि मुली दिवसभर हेच खेळत राहिल्या तरी कंटाळत नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की या गटातले सामने अर्ध्या मैदानावरच्या चालींनी क्वचितच जिंकले जातात. समोरचा संघ पूर्ण मैदानावर दाबून खेळतो, आपली मुलगी कोपऱ्यात दोघींमध्ये अडकते, आणि आठ सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडत नाही. चेंडू पुढे गेलाच नाही, तर चाल सुरू होणार तरी केव्हा? मॅडम, आपल्या दहा आठवड्यांतले पहिले चार आठवडे या दाबातून बाहेर पडण्याला द्यावेत. चेंडू आत टाकणारीने रिंगच्या थेट मागे उभे राहू नये, कारण मग बोर्ड मधे येतो. मैदानाच्या मध्यभागी एक मुलगी कायम ठेवावी, आणि ड्रिबलपेक्षा पासावर भर द्यावा. एंड लाइनच्या चालीला माझा विरोध नाही; तिथे चेंडू थांबलेला असतो आणि मुलींना जागा घ्यायला वेळ मिळतो.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खो-खोची युक्ती मी आजच सकाळी वापरून पाहिली. मागच्या वर्षी जी मुलगी प्रत्येक वेळी आधी निघायची ती आज एकदाही आधी निघाली नाही. कऱ्हाडच्या सरांचे म्हणणे वाचून मी आमच्या संघातल्या सर्वांत उंच मुलीचा विचार करत बसले. गेले वर्षभर मी तिला ड्रिबलच्या सरावातून बाहेर काढून रिबाउंडला (नेम चुकून परत आलेला चेंडू पकडायला) उभी करत आले आहे. उद्यापासून ती सर्वांबरोबर ड्रिबल करेल.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या भागातले निम्मे संघ दोन-तीन झोन (वर दोघी, मागे तिघी) लावतात, आणि त्यासमोर आमचे कट डीमध्ये जाऊन थांबतात. तिथे मुली इतका वेळ उभ्या राहतात की पंच तीन सेकंदांची शिट्टी वाजवतात. झोनविरुद्धची ती एक चाल कशी असावी? आणि एंड लाइनची कोणती चाल या वयाला पेलेल?

जुना_गार्ड_विश्रामबाग (सांगली):

कऱ्हाडच्या सरांचा दाबाबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. कोणत्याही मुलीला एका जागेला बांधू नये, हेही मान्य. पाचही मुलींना पाचही जागा फिरवून शिकवल्या, तर रचलेली चाल आणि त्यांचे नियम यांत मला विरोध दिसत नाही. मी सांगितलेली पहिली चाल म्हणजे पास देऊन कट घेणेच आहे, फक्त एका स्क्रीनची त्याला भर आहे. मात्र अजिबात चाल नको, हे मला पटत नाही. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना घाबरलेल्या मुलीला धरायला काहीतरी ठरलेले हवे असते, आणि ते तिला देणे ही आपली जबाबदारी आहे.

झोनमध्ये बचावपटू माणसाला राखत नाही, जागेला राखते. त्यामुळे मॅन टू मॅनमधल्या स्क्रीन आणि लांबचे कट तिथे फारसे चालत नाहीत. समोर वर दोघी असतील तर आपण वर एक किंवा तिघी ठेवाव्यात. एक गार्ड मध्यभागी आली की त्या दोघींपैकी तिला कोणी राखायचे हा प्रश्न त्यांच्यात लगेच निर्माण होतो. आपली रचना एक वर, तिघी फ्री थ्रो रेषेच्या पातळीवर (एक मध्यभागी, दोघी विंगवर) आणि एक एंड लाइनजवळ अशी ठेवा. एंड लाइनजवळच्या मुलीने चेंडू ज्या विंगवर असेल त्या बाजूला धावत जायचे. मग त्या कोपऱ्यात आपल्या तिघी आणि त्यांच्या दोघी होतात. गार्डने एका विंगला पास द्यावा, चेंडू परत घ्यावा आणि तो झपाट्याने दुसऱ्या विंगला पोचवावा, कारण चेंडू हा कोणत्याही बचावपटूपेक्षा जलद जातो. चेंडू बाजू बदलत असताना मधली मुलगी एक-दोन सेकंद फ्री थ्रो रेषेजवळच्या पोकळीत शिरते. तिथे तिला चेंडू मिळाला की मागच्या तिघींतली मधली बचावपटू पुढे येते, आणि रिंगखाली एंड लाइनवरची मुलगी मोकळी होते. चेंडू मिळाला नाही, तर मधल्या मुलीने डीबाहेर यावे आणि पुन्हा आत जावे. आत उभे राहून वाट पाहू नये. ही सवय लागली की तीन सेकंदांची शिट्टी आपोआप कमी होते. शेवटची गोष्ट, विंगवरच्या मुलीने दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत एकच ड्रिबल घेऊन थांबायला शिकावे. दोघीही तिच्याकडे येतात आणि कोणीतरी नक्की मोकळी राहते.

एंड लाइनसाठी चौकोन पुरे. चौघींपैकी दोघी रिंगच्या दोन्ही बाजूंना डीच्या कडेवर आणि दोघी त्यांच्या सरळ वर, फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांना. चेंडू आत टाकणारीने चेंडूवर थाप मारली की खालच्या दोघी वर जाऊन वरच्या दोघींच्या बचावपटूंना मागून स्क्रीन लावतात आणि वरच्या दोघी रिंगकडे कट घेतात. बचावपटू चेंडूकडे पाहत असतात, त्यामुळे त्यांना मागची स्क्रीन दिसत नाही. पण म्हणूनच इथे एका पावलाची जागा सोडायलाच हवी. स्क्रीन लावणाऱ्या दोघींनी लगेच चेंडूकडे वळावे, म्हणजे रिंगखालच्या दोघी अडल्या तरी फ्री थ्रो रेषेच्या टोकांना पास मिळतो. चेंडू हातात आल्यापासून आत टाकायला पाच सेकंद मिळतात, आणि मुलींना वाटते त्यापेक्षा तो वेळ खूप मोठा असतो. सरावात मोठ्याने मोजून दाखवावा. त्यांना हेही सांगावे की चेंडू आत येऊन घड्याळ सुरू होईपर्यंत तीन सेकंदांची मोजणी होत नाही, म्हणजे डीमध्ये जागा घ्यायला त्या घाबरणार नाहीत.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा):

सहा आठवड्यांनंतर लिहीत आहे. पहिले तीन आठवडे आम्ही जवळजवळ पूर्णपणे दाबातून बाहेर पडण्याचा आणि दोघींविरुद्ध दोघींचा सराव केला. पावसाच्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात खडूने डी आखून, कारण सांगत चालण्याचा खेळ खेळलो. आता मॅन टू मॅनसाठी एक चाल, झोनसाठी एक आणि एंड लाइनची एक, एवढेच आमच्यापाशी आहे. दुसरी चाल मी मुद्दाम घेतली नाही.

चालींना नावे देण्याचे काम मुलींवर सोपवले होते. पहिल्या चालीचे नाव त्यांनी "कास" ठेवले, आणि दोन दिवसांत घोटाळा झाला. गार्ड "कास" म्हणून ओरडली की विंगवरच्या मुलीला "पास" ऐकू येई आणि ती हात पुढे करून धावत येई. नाव बदलून "वाई" केले, तेव्हा ते थांबले. तरीही पहिल्या पासने चाल ओळखण्याची मिरजेच्या ताईंची सूचना अधिक उपयोगाची ठरली; आता पुकार फक्त एंड लाइनसाठी आहे.

गेल्या शनिवारी शेजारच्या शाळेशी मैत्रीपूर्ण सामना झाला. आम्ही सहा गुणांनी हरलो. एंड लाइनच्या चालीवर तीनदा रिंगखाली मोकळा पास मिळाला आणि दोनदा गुण झाले. चौथ्या क्वार्टरमध्ये आमची पहिली चाल मधेच तुटली, कारण विंगवरच्या मुलीचा पास अडवला जात होता. मी बाकावर बसून पाहत होते. गार्डने ड्रिबल थांबवले नाही. फ्री थ्रो रेषेवर उभ्या असलेल्या त्या उंच मुलीने स्वतःहून वर येऊन चेंडू मागितला, वळून एक ड्रिबल घेतला आणि रिंगकडे निसटलेल्या गार्डला परत पास दिला. ले-अप चुकला, पण रिबाउंड आम्हालाच मिळाला. त्या पूर्ण वेळात एकीनेही माझ्याकडे पाहिले नाही.

पाठीमागून लावलेल्या स्क्रीनवर तीन फाउल झाले, तिन्ही वेळा एका पावलाची जागा न सोडल्यामुळे. उद्या पाऊस नसेल तर फ्री थ्रो रेषेच्या दोन्ही टोकांशी बचावपटूचे पाय खडूने आखणार आहे आणि त्यांच्यामागे एक पाऊल सोडून स्क्रीन लावणारीचे.